क्रेडिट कार्ड नसलेला विद्यार्थी हाच तुमचा पहिला ऑनलाइन ग्राहक!



ऑनलाइन विकायचं म्हणजे गिऱ्हाईकाकडे क्रेडिट कार्ड हवंच, असं अजूनही अनेकांना वाटतं. आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे बघा. राहुरीचं कृषी विद्यापीठ, लोणी, संगमनेर, नगर शहरातली कॉलेजं. हजारो मुलं-मुली होस्टेलवर किंवा खोली करून राहतात. कमाई नाही, म्हणून बँक सहसा क्रेडिट कार्ड देत नाही. तरी ही मुलं खरेदी करतातच. कशी करतात, हे समजलं की तुमचा धंदा सोपा होतो.

हे नवीन नाही

पूर्वी पुस्तकं पोस्टाने व्ही.पी.पी.ने यायची. पोस्टमनच्या हातात पैसे ठेवले की पुस्तक आपलं. २०१० मध्ये फ्लिपकार्टने 'कॅश ऑन डिलिव्हरी' सुरू केली, ती हीच पद्धत. न बघितलेल्या दुकानदाराला आधी पैसे कोण देणार? अडचण कार्डाची कमी आणि विश्वासाची जास्त होती.

मग ११ एप्रिल २०१६ ला यूपीआय आलं. खातं, मोबाईल आणि पिन, झालं काम! आता तर डेबिट कार्ड नसलं तरी आधारच्या ओटीपीवर यूपीआय पिन काढता येतो.

मग विकणाऱ्याने काय करायचं?

आधी हिशोब मांडू. समजा, एका पार्सलमागे सगळा खर्च जाऊन ८० रुपये सुटतात. पार्सल परत आलं, तर जाण्या-येण्याचे १२० रुपये अंगावर पडतात. दहाची दहा पोचली तर नफा ८०० रुपये. पण तीन परत आली तर? सातांचे ५६०, त्यातून ३६० वजा. हातात राहिले फक्त २००! कुरिअरवाले याला 'आरटीओ' म्हणतात. गाडी पासिंगचं नव्हे, पण खिशाला चाट तशीच!

म्हणून कॅश ऑन डिलिव्हरी एकदम बंद करू नका, तिला शिस्त लावा:

१. ऑर्डर आली की फोन करा. पत्ता, होस्टेलचं नाव, घरी कधी असणार, सगळं विचारून घ्या.

२. कुरिअरचे पैसे तरी यूपीआयने आधी मागा. ५०-६० रुपये भरलेलं गिऱ्हाईक सहसा पार्सल नाकारत नाही.

३. पूर्ण पैसे आधी देणाऱ्याला थोडी सूट द्या. जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला एमडीआर लागत नाही, त्यामुळे तेवढं परवडतं.

४. स्क्रीनशॉटवर माल सोडू नका. पैसे तुमच्या खात्यात दिसले पाहिजेत.

५. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणालं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

विश्वास दोन्ही बाजूंनी

त्या मुलाचे ४०० रुपये म्हणजे घरून आलेल्या महिन्याच्या खर्चातला मोठा वाटा. वस्तू फोटोसारखीच निघू द्या, परतीचा नियम आधीच मराठीत लिहा, बिल द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. तुम्ही त्याच दिवशी उत्तर द्या. एक खूश झाला की पूर्ण होस्टेलला तुमचा नंबर जातो. उलटं झालं तरी तेवढ्याच वेगाने!

आज एकच काम करा. मागच्या महिन्यातली परत आलेली पार्सलं मोजा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा. अजून धंदा सुरू केला नसेल, तर वरचा हिशोब तुमच्या वस्तूचे आकडे टाकून मांडा. मग कामाला लागा!