संगणकाचे मागचे दार : ते पडते कसे, बुजवायचे कसे



ऊसबिल, पीककर्ज, सातबारा, बँकेचे खाते, हे सगळे आता संगणकात आले आहे. मुलांच्या शिक्षणासाठी घरात आणलेला संगणक असो की विकास सोसायटीत सचिवांच्या टेबलावरचा असो, आपल्या घामाच्या पैशाचा व्यवहार त्यावरून चालतो. म्हणून या अंकात 'बॅकडोअर' नावाच्या भानगडीची माहिती देत आहोत.

बॅकडोअर म्हणजे मागचे दार. आपण पासवर्ड घालून पुढच्या दाराला कुलूप लावतो. बॅकडोअर हा चोरून बसवलेला प्रोग्रॅम ते कुलूप न उघडताच परक्या माणसाला आत घेतो. मग तो माणूस कुठेही बसून आपल्या फाईली वाचतो, आपण दाबलेली अक्षरे टिपून पासवर्ड मिळवतो, आणखी घातक प्रोग्रॅम आणून ठेवतो. आणि संगणक मात्र नेहमीसारखाच चालतो! हुमणीचं असंच असतं. अळी मुळं खात असते आणि वरून ऊस हिरवागार दिसतो. पान पिवळं पडेपर्यंत बेट हातचं गेलेलं असतं.

तो आत येतो कसा?

बहुतेक वेळा आपणच त्याला आत घेतो. ई-मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'बिल', 'नोटीस', 'अनुदान यादी' अशा नावाची फाईल येते. दिसायला कागद, पण असतो प्रोग्रॅम. विंडोज फाईलच्या नावाचे शेपूट सहसा लपवते. त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ' एवढेच दिसते आणि पुढचे 'डॉट ईएक्सई' दिसत नाही. जानेवारी २००४ मध्ये 'मायडूम' हा किडा ई-मेलला जोडलेल्या अशाच फाईलीतून जगभर पसरला आणि जाईल तिथे मागचे दार पाडत गेला.

दुसरी वाट फुकटच्या चोरट्या प्रोग्रॅमची. 'बसवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा' असे जो प्रोग्रॅम सांगतो, त्याचा हेतू ओळखावा. कुणाच्याही फडातलं बेणं न बघता आणून आपण लावतो का?

तिसरी वाट जुन्या दोषांची. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ची साथ आली, तिने 'डबलपल्सर' नावाचे बॅकडोअर वापरले. त्यासाठी कुणी फाईल उघडायचीही गरज नव्हती. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. गंमत अशी, की त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही तेच सापडले.

आत आल्यावर हा प्रोग्रॅम संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी सोय करून ठेवतो. पुष्कळदा तो बाहेरून हाक येण्याची वाट बघत नाही, स्वतःच इंटरनेटवरून धन्याला निरोप धाडतो. बाहेरच्याला अडवणारी भिंत आतून जाणाऱ्याला सहसा अडवत नाही, म्हणून हे लक्षात येत नाही.

काढायचा कसा?

इथे क्रम महत्त्वाचा. संशय आला की माणूस घाबरून आधी पासवर्ड बदलतो, तोही त्याच संगणकावर. चोर घरात असताना कुलूप बदललं, तर नवी किल्लीही त्याच्याच हाती जाते. म्हणून असे करावे :

१. प्रथम इंटरनेट तोडा. वायर काढा, वायफाय बंद करा. धन्याचा आणि चोराचा संबंध तुटला.

२. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून किंवा मोबाईलवरून बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड बदला. ई-मेल आधी, कारण बाकीचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. इथे तास मोजले जातात.

३. खात्रीच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'सेफ्टी स्कॅनर' पेनड्राइव्हवर घ्या आणि बाधित संगणकावर चालवा. तो उतरवल्यापासून दहाच दिवस चालतो, म्हणून ताजा घ्यावा. नंतर 'विंडोज सिक्युरिटी'मधून 'ऑफलाइन स्कॅन' करा. विंडोज सुरू होण्यापूर्वीच ही तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला हालचाल करता येत नाही. तो पेनड्राइव्ह मग पुसल्याशिवाय दुसरीकडे लावू नये.

४. आपण न बसवलेले प्रोग्रॅम काढून टाका. दुरून संगणक चालवू देणारे प्रोग्रॅम विशेष करून बघा.

५. तरीही शंका राहिली, तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवा. काणी लागलेलं बेट आपण मुळासकट काढतो, नुसता पट्टा छाटून भागत नाही. आपले कागद आणि फोटो तेवढे बाजूला काढावेत. जुने प्रोग्रॅम परत घेऊ नयेत, आणि फाईली परत घालण्यापूर्वी तपासून घ्याव्यात.

पुन्हा येऊ नये म्हणून विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर घ्या. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ध्यानात ठेवा. फाईलच्या नावाचे शेपूट दिसेल अशी सोय करून घ्या. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

शेवटी एकच विनंती. घरातल्या पोरानं किंवा सोसायटीतल्या कारकुनानं चुकून अशी फाईल उघडली, तर त्याच्यावर ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीने माणूस चार दिवस गप्प राहतो, आणि चोराला हवे असतात ते हेच चार दिवस.