आधीं प्रश्न, मग कसोटी

आमच्या विद्यार्थी वाचकांस एक प्रश्न घालतों. सारोळ्यास एका भातखाचरांत खत घातलें, दुसऱ्यांत नाहीं. प्रत्येकांतील शंभर रोपें मोजलीं. कसोटी कोणती लावावी? आमचें उत्तर : कोणतीच नाहीं! मापें दोनशें झालीं, तरी खताचा अनुभव एकाच खाचराचा; फरक मातीचा वा पाण्याचाही असेल. खाचरें अनेक घ्यावीं, चिठ्ठ्या टाकून खत वांटावें, आणि प्रत्येक खाचराची सरासरी हें एक माप धरावें. मग गट दोन असल्यास गॉसेटची १९०८ सालची टी-कसोटी, अधिक असल्यास फिशरचें प्रचरण-विश्लेषण. स्वतंत्रपणें पारखलेल्या रोगट-निरोगी रोपांच्या मोजदादीस काय-वर्ग कसोटी. पानसे व सुखात्मे यांचा शेतकी संशोधकांसाठीं १९५४ सालीं निघालेला ग्रंथ याच विद्येचा. कसोटी लावणीपूर्वींच ठरवावी. कापणीनंतरची निवड म्हणजे वरातीमागून घोडें होय.