दोन मिनिटांत नेमके काय शिजते?

सोयाबीनच्या सुगीत शिरूर अनंतपाळच्या परिसरात घरातली मोठी माणसे दिवस उगवायलाच रानात जातात. अशा वेळी शाळेत जाणाऱ्या मुलाला सकाळी स्वतःच्या हाताने काहीतरी करून खायचे असते. त्याला हमखास जमणारा पदार्थ म्हणजे पुड्यातल्या नूडल्स. पाणी उकळायचे, वडी सोडायची, मसाल्याची पुडी फोडायची, की गरम रस्सा तयार! पुडा कोणत्याही कंपनीचा असो, मुले त्याला ‘मॅगी’च म्हणतात.

‘असले काही खाऊ नका’ असे वर्गात सांगणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी त्या वेळी दुसरे कोणी नाही, त्या मुलाला या उपदेशाचा काय उपयोग? त्यापेक्षा त्याच्याच ताटलीतला एक प्रश्न त्याच्यापुढे ठेवून पाहावा. शेवयाही गव्हाच्या आणि नूडल्सही गव्हाच्याच. मग नूडल्स इतक्या झटपट कशा होतात?

शिजणे म्हणजे काय?

गव्हाच्या पिठाचा मोठा भाग स्टार्चचा असतो. हा स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात असतो. थंड पाण्यात हे कण फारसे फुगत नाहीत. म्हणूनच पीठ पाण्यात कालवून ठेवले, तर थोड्या वेळाने ते तळाशी बसते. तेच पाणी तापवत नेले, की ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास कण पाणी शोषू लागतात, फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. मिश्रण दाट आणि काहीसे पारदर्शक होते. पतंगासाठी किंवा वह्या चिकटवण्यासाठी खळ शिजवताना हा बदल मुलांनी पाहिलेला असतो. स्टार्चचे ‘शिजणे’ म्हणजे हेच.

यासाठी दोन गोष्टी लागतात. उष्णता आणि पाणी दोन्ही धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचले पाहिजे. उष्णता बारीक धाग्यात लवकर शिरते. पाणी मात्र सावकाश जाते. वेळ लागतो तो मुख्यतः पाण्याला.

कारखान्यात काय होते?

मैदा, पाणी, मीठ आणि पापडखाराच्या जातीचे थोडे क्षार एकत्र मळून पीठ तयार करतात. क्षारांमुळे धाग्यांना चिवटपणा आणि पिवळसर छटा येते. लाटलेल्या पट्टीचे धागे कापले जातात, ते एका संथ सरकणाऱ्या पट्ट्यावर पडतात. धागे येतात वेगाने आणि पट्टा सरकतो हळू, त्यामुळे त्यांना आपोआप नागमोडी वळणे पडतात. ही वळणे दिसायला छान म्हणून ठेवलेली नाहीत. त्यामुळे धाग्यांमध्ये मोकळी जागा राहते आणि वाफ, तेल व पुढे आपले उकळते पाणी सगळीकडे फिरू शकते.

मग हे धागे काही मिनिटे वाफवतात. स्टार्च शिजतो तो इथेच. त्यानंतर १४० ते १६० अंश तापलेल्या तेलात वडी मिनिट-दोन मिनिटे तळली जाते. धाग्यातल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते, ती बाहेर पडताना असंख्य बारीक छिद्रे ठेवून जाते आणि काही छिद्रांत तेल शिरते. शेवटी धाग्यात पाणी उरते अवघे दोन ते पाच टक्के. इतक्या कोरड्या पदार्थात जंतू वाढू शकत नाहीत, म्हणून बंद पुडा महिनोन्‌महिने टिकतो.

आपण घरी पाणी ओततो, तेव्हा ते या छिद्रांतून थेट गाभ्यात जाते. तिथला स्टार्च तर आधीच शिजलेला असतो. म्हणजे आपल्या चुलीवरच्या त्या दोन मिनिटांत धागे फक्त भिजतात.

ही युक्ती जपानमधील मोमोफुकु आंदो यांची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत गरम रामेनसाठी रांगेत उभी राहिलेली माणसे त्यांनी पाहिली होती. घरामागच्या शेडमध्ये ते महिनोन्‌महिने प्रयोग करत राहिले. पत्नीला तेलात तेंपुरा तळताना पाहून आपल्याला तळण्याची कल्पना सुचली, असे ते सांगत. त्यांच्या ‘चिकन रामेन’ची विक्री २५ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाली. कपातल्या नूडल्स १९७१ मध्ये आल्या. भारतात पुड्यातल्या नूडल्स रुळल्या त्या १९८० च्या दशकापासून.

आपल्या घरातले ‘झटपट’

आता ही दोन वैशिष्ट्ये, आधी शिजलेले असणे आणि छिद्रे असणे, घेऊन आपल्याच घरातले डबे तपासू.

शेवया : उन्हाळ्यात बाजेवर किंवा दोरीवर वाळणाऱ्या शेवया म्हणजे कच्च्या पिठाचे वाळवलेले धागे. ना शिजलेल्या, ना सच्छिद्र. म्हणून त्यांना उकळत्या पाण्यात किंवा दुधात शिजवावेच लागते.

कुरडई : गव्हाचा चीक आधी शिजवतात, मग सोऱ्यातून पाडून वाळवतात. ती शिजलेली असते, पण उन्हात हळूहळू वाळल्याने छिद्रे पडत नाहीत, धागा काचेसारखा घट्ट होतो. म्हणून कुरडईची भाजी करायची, तर ती आधी निवांत भिजत घालावी लागते. तीच कुरडई तळली, की आतल्या उरल्यासुरल्या पाण्याची वाफ होऊन क्षणात फुलते.

चुरमुरे : भात उकडून वाळवतात आणि तांदूळ तापलेल्या वाळूत फुलवतात. शिजलेलेही आणि सच्छिद्रही! म्हणून तर पाण्यात बुडवून लगेच पिळले, कांदा-मिरचीची फोडणी दिली, शेंगदाणे आणि डाळव्याचे कूट घातले, की सुशीला तयार. लातूर-नांदेडकडच्या घरांत पाहुणा दारात दिसल्यावर फोडणीला टाकली जाणारी सुशीला आणि जपानी नूडल्स यांच्यामागचे विज्ञान एकच आहे. फरक इतकाच, की एकीकडे पाणी घालवले तेलाने, तर दुसरीकडे वाळूने.

करून पाहा

१. चार वाट्यांत थंड पाणी घ्या. एकीत शेवया, दुसरीत कुरडईचा तुकडा, तिसरीत नूडल्स आणि चौथीत चुरमुरे टाका. दर पाच मिनिटांनी बोटाने दाबून पाहा. चुरमुरे लगेच मऊ होतील. नूडल्स अर्ध्या तासाच्या आत खाण्याजोग्या होतील. शेवया मऊ झाल्या तरी पांढऱ्या आणि पिठाळच राहतील. चव न घेताही त्या कच्च्या आहेत हे ओळखता येते का, हे मुलांना विचारा.

२. हाच प्रयोग गरम पाण्याने करा (पाणी शिक्षकांनीच ओतावे). दर मिनिटाला एकेक धागा काढून काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबा आणि उजेडासमोर धरा. न शिजलेला गाभा पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. ही रेघ कशात दिसते, कशात दिसत नाही आणि ती केव्हा नाहीशी होते, याचा तक्ता करा.

३. नूडल्सचा आणि शेवयांचा चुरा वेगवेगळ्या कागदांवर दाबून ठेवा. तेलाचा डाग कुठे पडतो?

पोट भरते, पण पुरते का?

आता पुड्यामागचा तक्ता वाचायला द्या. साधारण ७० ग्रॅमच्या पुड्यात सुमारे ३०० किलोकॅलरी ऊर्जा, १० ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ आणि ५ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात. हे आकडे आपल्या परिचयाच्या आकड्यांशेजारी ठेवू. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एका वेळेला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे एका पुड्यातून लहान मुलाच्या जेवणाची दोन तृतीयांश ऊर्जा मिळते, प्रथिने मात्र निम्मीच. ऊर्जेतलाही बराच वाटा तळणीच्या तेलाचा असतो.

मिठाचा हिशेबही मुलांना करता येतो. सोडियमच्या आकड्याला २.५ ने गुणले, की मीठ किती ते कळते. पुड्यावर ८५० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर मीठ झाले २ ग्रॅमपेक्षा थोडे जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लहान मुलांसाठी ही मर्यादा त्याहून कमी असते.

जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नव्याने चाचण्या होऊन नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. तेव्हा घरोघरी शिशाची चर्चा झाली. शिसे मोजायला प्रयोगशाळा लागते. मिठाचा आकडा मात्र प्रत्येक पुड्यावर छापलेला असतो आणि तो पाचवीच्या मुलालाही वाचता येतो.

मग त्या सुगीच्या सकाळी मुलाने करायचे काय? मसाल्याची पुडी अर्धीच टाकली, की मिठाचा मोठा भाग कमी होतो. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे टाकले, तर ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने वाढतात आणि १२ ग्रॅमचा आकडा जवळपास गाठला जातो. आदल्या रात्री आईने मोड आलेली मटकी ठेवली असेल तर उत्तमच, ती पाण्यात आधी उकळू द्यावी. हेच गणित सुशीलेलाही लागू आहे. चुरमुरेही नुसतेच खाल्ले तर बहुतेक स्टार्चच. त्यात शेंगदाणे आणि डाळवे घालायची आपल्याकडची रीत प्रथिनांची बाजू सांभाळते.

शेवटी एक गृहपाठ. घरातल्या कोणत्याही एका ‘झटपट’ पदार्थाबद्दल तीन प्रश्नांची उत्तरे मुलांनी घरच्यांना विचारून लिहून आणावीत. हा आधी कोणी शिजवला? यातले पाणी कशाने घालवले? आणि त्यात काय घातले म्हणजे दुपारच्या सुट्टीपर्यंत भूक लागणार नाही?