यंत्र कोणाचे ऐकते?



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून ड्रोनसारख्या खेळण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हे खेळणे आता कित्येकांच्या पोटापाण्याचे साधन झाले आहे. लग्नसराईत कोणत्याही मंगल कार्यालयाबाहेर पाहा. वरातीवर ड्रोन घिरट्या घालीत असतो, आणि खाली कोपऱ्यात वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा मान वर करून, दोन्ही हातांत रिमोट धरून उभा असतो. यंत्र त्याचे नसते, स्टुडिओमालकाचे असते. त्याची असते ती फक्त दिवसाची मजुरी. यंत्र नीट उतरले तर त्याचे नाव कोणी विचारीत नाही. पडले तर पहिला प्रश्न हाच निघतो, की कोणाच्या हातात होते? म्हणून यंत्र कोणाचे ऐकते आणि का ऐकते, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत. विषय लहान आहे, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे.

ड्रोन आणि रिमोट यांची एकमेकांशी ओळख करून देणे, याला आम्ही जोडणी म्हणतो. बाजारात याला पेअरिंग म्हणतात, बाइंडिंग म्हणतात, लिंकिंगही म्हणतात, अर्थ एकच. दोघांत तार नसते. रिमोट रेडिओलहरींतून हुकूम पाठवितो आणि ड्रोन तो पाळतो. पण हवा काही एकाची नाही. एकाच मैदानावर चार ड्रोन असले तर चौघांचे हुकूम चौघांच्याही कानी पडणार. अशा वेळी आपल्या धन्याचा आवाज ओळखायचा कसा?

हा प्रश्न आजचा नाही. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पाण्याच्या टाकीत एक छोटी होडी तारेवाचून चालवून दाखविली. पाहणारे थक्क झाले. पण दुसऱ्या कोणी तशाच लहरी सोडल्या तर होडी त्याचेही ऐकेल, ही अडचण उरलीच होती. म्हणून १९०३ साली त्याने आणखी पेटंटे मिळविली. त्यांतील कल्पना अशी, की हुकूम एकाच वेळी दोन निरनिराळ्या लहरींवर यावा, आणि दोन्ही जुळल्या तरच यंत्राने हलावे. एका किल्लीने न उघडणारे कुलूप, असेच म्हणाना.

पुढे हौशी लोक रेडिओवर चालणारी लहान विमाने उडवू लागले. प्रत्येकाच्या यंत्रात एक स्फटिक बसविलेला असे आणि तो ठरावीक लहरीवरच चाले. इंग्लंडात ३५ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामी होता, अमेरिकेत ७२ चा. दोघांचा स्फटिक एकाच क्रमांकाचा निघाला, तर एकाने रिमोट सुरू करताच दुसऱ्याचे विमान कोसळे. यावर क्लबांनी साधा उपाय काढला. मैदानावर एक फळी ठेवीत आणि तिच्यावर प्रत्येक क्रमांकाचा एक चिमटा लावीत. आपल्या क्रमांकाचा चिमटा हाती आल्याशिवाय कोणी रिमोट सुरू करावयाचा नाही, असा शिरस्ता होता. शिस्त माणसांनी आपसांत पाळायची आणि तिच्या आधारावर यंत्रे सुखरूप राहायची. संघटनेत हयात घालविलेल्या माणसाला हे चित्र आवडावे, यात नवल नाही.

आजच्या ड्रोनला चिमटा लागत नाही. त्यामागच्या युक्तीचा एक पूर्वज दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडतो. हेडी लामार ही चित्रपटनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत एक पेटंट मिळाले. पाणतीराला हुकूम द्यावयाचा तो एकाच लहरीवर न देता क्षणाक्षणाला लहर बदलीत द्यावा, म्हणजे शत्रूला अडथळा आणता येणार नाही, ही त्यांची कल्पना. बदल कोणत्या क्रमाने करावयाचा, हे भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर लिहिलेले. तशीच पट्टी जहाजावर, तशीच पाणतीरात, आणि दोन्ही एकदमच सुरू व्हावयाच्या. लहरी किती, तर पियानोच्या पट्ट्यांइतक्या, अठ्ठ्याऐंशी. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर भोकांचे पत्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चटकन समजेल. पत्ता जसा, तशी नक्षी. दोन मागांना एकच पत्ते लावले, तर नक्षी एकच उमटणार.

आता जोडणी म्हणजे काय ते सांगणे सोपे झाले. बहुतेक लहान ड्रोन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. आपल्या देशात हा पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत २००५ साली परवानामुक्त झाला. त्यामुळे घरचे वायफाय, ब्लूटूथ आणि शेजारच्याचा ड्रोन, सगळे त्याच गल्लीतून ये-जा करतात. म्हणून रिमोटला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो. जोडणीच्या वेळी तो क्रमांक ड्रोन आपल्या स्मृतीत नोंदवून ठेवतो. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक हुकमावर तो क्रमांक आहे की नाही हे ड्रोन पाहतो, आणि नसेल तर हुकूम कानाआड करतो. पुष्कळ यंत्रांत लहरी बदलण्याचा क्रमही या ओळखीशीच बांधलेला असतो. दोघांच्या हाती एकच पत्ता आला, की जोडणी झाली.

प्रत्यक्ष कृती पाहू. खेळण्यातील ड्रोन सपाट जागेवर ठेवावा. सुरू होताना तो आपला तोल मोजून घेतो. तिरका ठेवला तर उडतानाही तिरकाच ओढतो. ड्रोन सुरू केला की त्याचे दिवे लुकलुकतात, म्हणजे तो धनी शोधीत असतो. मग रिमोट सुरू करून उंचीची दांडी एकदा पूर्ण वर आणि एकदा पूर्ण खाली न्यावी. रिमोट वाजतो, दिवे स्थिर होतात, आणि जोडणी पुरी होते. चालू करण्याचा क्रम काही यंत्रांत उलटा असतो, तेव्हा पुस्तिका पाहावी. दोन ड्रोन शेजारी ठेवून दोन्ही एकदम जोडू नयेत. याचा रिमोट त्याला लागण्याचा संभव असतो.

छायाचित्रणाचे ड्रोन बहुधा कारखान्यातूनच जोडलेले येतात. रिमोट बदलला किंवा दुरुस्ती झाली, तर पुन्हा जोडावे लागतात. उदाहरणार्थ, २०२० साली निघालेला डीजेआय मिनी २ घ्या. रिमोट फोनला लावून ॲपमधून पुन्हा जोडणीची आज्ञा द्यावयाची, म्हणजे रिमोट सतत वाजू लागतो. मग ड्रोनचे बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरावयाचे. ड्रोन एकदा वाजला म्हणजे तो तयार आहे. दोनदा वाजला म्हणजे ओळख पटली. या वेळी दोघे अर्ध्या मीटरच्या आत ठेवावे आणि दोघांच्याही बॅटऱ्या भरलेल्या असाव्यात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. त्याच ड्रोनला नवा रिमोट जोडला, की जुन्याची ओळख पुसली जाते. काल चाललेला रिमोट आज मुका झाला, तर तो बिघडलाच असे नाही. रात्री कोणी दुसरा जोडला असेल.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. हुकूम आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त ड्रोनमध्ये हुकूम रिमोटवरून जातो, आणि चित्र वायफायवरून फोनवर येते. फोनवरचे चित्र गेले म्हणजे ताबा गेला, असे समजून मुले घाबरतात आणि दांड्या वेड्यावाकड्या हलवितात. घाबरू नये. नजर फोनवरून उचलून आकाशाकडे लावावी. ड्रोन बहुधा अजून ऐकत असतो.

पण जोडणी कितीही चांगली असली तरी ती तुटू शकते. मध्ये सिमेंटची इमारत आली किंवा अंतर फार झाले, की हुकूम पोहोचत नाही. तेव्हा ड्रोन काय करतो? आधी जे ठरवून ठेवले असेल तेच. तो जागीच थांबेल, खाली उतरेल, किंवा ठरलेल्या उंचीवर जाऊन उड्डाणाच्या जागी परतेल. परतीची जागा त्याला उपग्रहांवरून नोंदवून ठेवता आली असेल, तरच शेवटचा पर्याय कामाचा. धन्याचा आवाज बंद पडल्यावर यंत्र धन्याच्या जुन्या शब्दावर चालते. मग तो जुना शब्द कोणाचा होता, हे महत्त्वाचे ठरते.

अशी एक तक्रार आमच्या कचेरीत आली होती. ड्रोन इमारतीच्या आड गेला, संपर्क तुटला, आणि तो परत निघाला. परतीची उंची वीस मीटर ठेवलेली होती. वाटेत पाण्याची टाकी त्याहून उंच होती. ड्रोन टाकीवर आपटून फुटला आणि मालकाने मुलाच्या पगारातून हप्ते कापावयास सुरुवात केली. आम्ही एकच विचारले, की ही उंची कोणी ठरविली? निघाले असे, की सारी मांडणी आदल्या रात्री मालकाच्या फोनवरून झाली होती आणि यंत्र मुलाच्या हाती कार्यालयाच्या दारातच पडले होते. हप्ते थांबले.

कायदा याविषयी मुका नाही. नुकसानीपोटी वेतनातून कपात करावयाची, तर ती वस्तू स्पष्टपणे कामगाराच्या हवाली केलेली असावी, नुकसान थेट त्याच्या हयगयीने वा कसुरीने झालेले असावे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली असावी. हे तत्त्व १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. परंतु आपली हयगय नव्हती हे सांगावयाचे, तर यंत्र कसे चालते हे माहीत असावे लागते. अज्ञानी माणसाच्या तोंडी कायदाही लटका पडतो.

म्हणून जे तरुण हे काम करतात त्यांना आमचे सांगणे असे, की यंत्र हाती घेताना चार गोष्टी स्वतः पाहा. रिमोट याच ड्रोनला जोडलेला आहे काय, बॅटऱ्या भरल्या आहेत काय, परतीची जागा नोंदली गेली काय, आणि परतीची उंची भोवतालच्या सर्वांत उंच वस्तूहून अधिक आहे काय. पाहिले ते वहीत वेळेसह लिहा आणि मालकाची सही घ्या. उडविण्याची जागा सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तपासा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही हे खरे. पण म्हणून मनाई असलेल्या क्षेत्रात ते उडविण्याची मुभा मिळत नाही. मालकाने सांगितले तरी नाही.

हा प्रश्न लग्नाच्या वरातीपुरता उरलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत महिलांच्या १५,००० बचतगटांना शेतीचे ड्रोन देण्याचे ठरले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसे मेली, ते आपण विसरलेलो नाही. विषापासून माणसाचा देह दूर राहत असेल तर असे यंत्र आम्हांला हवेच आहे. मात्र यंत्र चालविणाऱ्या बहिणीला त्याची जोडणीही करता आली पाहिजे. हुकूम देणारा हात एकाचा आणि ओळख दुसऱ्याच्या ताब्यात, अशी स्थिती राहिली, तर जबाबदारी तेवढी तिच्या वाट्याला येईल आणि ताबा दुसरीकडेच राहील.

जबाबदारी आणि ताबा एकाच हाती असावेत, ही कामगारांची मागणी जुनीच आहे. अर्धा किलोही वजन नसलेल्या या यंत्राने ती आपल्याला पुन्हा एकदा शिकविली आहे.