खिडकीच्या काचेवरचे जोडचित्र

थ्री-डी सिनेमा पाहून आल्यावर कुणाचे डोके दुखू लागले, की घरची मंडळी लगेच म्हणतात, "तुझे डोळेच कमजोर!" कधी ते खरेही असते. पण दोष चित्र काढणाऱ्याचाही असू शकतो. तो कसा, हे आपल्या खिडकीत समजून घेता येते.

बंद खिडकीच्या काचेसमोर हातभर अंतरावर उभे राहा. उजवा डोळा मिटा आणि बाहेरचा विजेचा खांब काचेत जिथे दिसतो, तिथे साबणाच्या वडीने रेघ ओढा. डोके न हलवता आता डावा डोळा मिटून त्याच खांबाची दुसरी रेघ ओढा. पहिली रेघ डावीकडे पडेल, दुसरी उजवीकडे. काचेलगतच्या कुंडीच्या अशाच खुणा केल्या तर त्या जवळजवळ येतील, खांबाच्या लांब. मात्र खांब कितीही दूर असला, तरी हे अंतर दोन डोळ्यांतल्या अंतराहून, म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटरहून, वाढत नाही.

इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली अशीच हाताने काढलेली जोडचित्रे आरशांच्या उपकरणातून दाखवली होती. दोन सपाट चित्रे, पण दिसे एकच भरीव वस्तू!

संगणक हेच काम गणिताने करतो. काच एक, नजरा दोन. पण नवशिक्याला वाटते, जवळचे पाहताना आपले डोळे आत वळतात, तर संगणकातले दोन कॅमेरेही आत वळवावेत. घोटाळा इथेच होतो. कॅमेरा वळला की त्याची काचही तिरकी होते. मग चौकोनी दाराची डावी कड डाव्या चित्रात उंच होते आणि उजवी कड उजव्या चित्रात. दाराचा एकच कोपरा एका डोळ्याला वर, दुसऱ्याला खाली दिसतो. आपले डोळे एक वर आणि एक खाली असे सहज फिरत नाहीत; ताण येतो तो त्याचाच. म्हणून दोन्ही कॅमेरे समोर सरळच ठेवायचे आणि फक्त चौकट सरकवायची: डाव्याची थोडी उजवीकडे, उजव्याची थोडी डावीकडे.

पडद्याचे मापही विसरून चालत नाही. लहान पडद्यावर सहा सेंटिमीटर अंतर असलेले जोडचित्र दहापट मोठ्या पडद्यावर तसेच टाकले, तर अंतर साठ सेंटिमीटर होते. ते जुळवायला डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावे लागेल. म्हणून मोठ्या पडद्यासाठी सारे पुन्हा मोजून जोडचित्र नव्याने काढावे लागते.