विहिरीत उडी घेण्यापूर्वी

मे महिन्याची सुट्टी लागली की शहरातली मुले बागेत खेळायला जातात, तिकीट काढून पोहण्याच्या तलावात उतरतात. आपल्या खेड्यातल्या मुलांची बाग म्हणजे गावाबाहेरचा माळ आणि आमराई, आणि त्यांचा तलाव म्हणजे शेतातली विहीर, ओढ्याचा डोह किंवा गावचे तळे. येथे तिकीट लागत नाही. पोहण्यासारखा दुसरा व्यायाम नाही. त्याने छाती भरते, भूक लागते, झोप गाढ येते. तेव्हा मुलांना पाण्यावर जाऊ देऊ नका असे आम्ही सांगणार नाही.

पण एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. शहरातल्या तलावाच्या काठी लक्ष ठेवणारा माणूस बसलेला असतो. पाणी किती खोल ते भिंतीवर लिहिलेले असते. वर येण्यास शिडी असते आणि पाण्यात औषध टाकलेले असते. आपल्या विहिरीवर ह्यांपैकी बहुधा काहीच नसते. ते आपण स्वतः पुरवायचे असते आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. ते कसे करावे हे ह्या लेखात पाहू.

सांजांवचा सण

२४ जूनला बाप्तिस्मा करणारा संत योहान ह्याचा सण येतो. लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे की, मरीयेने अलिशिबेला भेटून नमस्कार केला तेव्हा योहानाने आईच्या उदरात आनंदाने उडी घेतली. गोव्यातले ख्रिस्ती लोक ह्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून, घुमट वाजवीत, घरोघर फिरतात आणि विहिरीत व तळ्यात उड्या घेतात, त्या ह्याच उडीची आठवण म्हणून. नव्या जावयाचा त्या दिवशी विशेष मान असतो. शिवोलीला तर सजविलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. सीमाभागातल्या पुष्कळ घरांचे गोव्याशी सोयरेपण असल्यामुळे आपल्याकडचे तरुणही सणाला तिकडे जातात.

आता हा दिवस कोणत्या दिवसांत येतो ते पाहा. पाऊस सुरू झालेला असतो. विहिरीचे पाणी एप्रिलपेक्षा पुष्कळ वर चढलेले आणि गढूळ असते, तळ दिसत नाही. कठड्यावर शेवाळ धरलेले असते. त्यात सकाळपासून घरोघरी फेणीचा पाहुणचार झालेला असतो. उडी घेणाऱ्यांत काही जणांना पोहता येत नाही आणि काठावरच्या गर्दीत प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी तरी पाहत असेल. सणाच्या दिवशी घरात शोक येतो तो ह्या गोष्टी एकत्र आल्यामुळे.

बुडणारा ओरडत नाही

पुष्कळांची अशी समजूत असते की बुडणारा माणूस हात हालवून मोठमोठ्याने हाका मारतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. तोंड पाण्याच्या वर येते त्या क्षणभरात त्याला श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला दम उरत नाही. हात वर करण्याऐवजी तो नकळत ते पाण्यावर दाबीत राहतो. मूल तर आवाज न करता काही क्षणांत खाली जाते. मेंदूला चार ते सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होऊ लागते. एवढ्या वेळात आपण घरी जाऊन माणूस बोलावून आणू शकत नाही. म्हणून काठावर आधीपासून माणूस पाहिजे, आणि त्याचे डोळे पाण्यावर पाहिजेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुले होती. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरविला.

आपली विहीर ओळखा

गेल्या वर्षी ज्या विहिरीत उडी मारली ती ह्या वर्षी तशीच असेल असे नाही. पावसाने काठाचे दगड आत कोसळतात. पाइप, फूटव्हॉल्व्ह, लोखंडी कांब, तुटलेला रहाट पाण्याखाली दिसत नाही. म्हणून पोहण्यास सुरुवात होण्यापूर्वी घरच्या कर्त्या माणसाने पुढील गोष्टी कराव्यात.

दोराला दगड बांधून चार-पाच ठिकाणी सोडावा आणि खोली मोजावी. लांब बांबूने तळ चाचपावा. पाणी किती खोल आहे ते कठड्यावर रंगाने लिहावे.

मोटार बंद करणे पुरेसे नाही, मुख्य फ्यूज काढून खिशात ठेवावा. वायरची साल गेली असेल तर विजेचा धक्का पाण्यातून बसतो, आणि धक्का बसलेला चांगला पोहणाराही हात-पाय हालवू शकत नाही.

वर येण्यास पायऱ्या नसतील तर जाड दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारून तो झाडाला किंवा भक्कम खुंटाला बांधून पाण्यात सोडावा. बरेच जण दमल्यानंतर धरायला काही नसल्यामुळे बुडतात.

उडी पायांवरच घ्यावी, डोक्यावर नव्हे. पाण्याखालच्या दगडावर डोके आपटले की मान मोडते आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. एकाने उडी घ्यावी, तो बाजूला झाल्यावर दुसऱ्याने घ्यावी.

सणापूर्वी विहीर उपसण्याची व साफ करण्याची पद्धत आहे, ती चांगली आहे. पण डिझेलचा पंप विहिरीच्या आत उतरवून चालवू नये. त्याच्या धुरातला विषारी वायू आत साठतो, त्या वायूला वास येत नाही आणि उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. जुन्या, बंद विहिरीतली हवाही अशीच घातक असते. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे, पण ह्या विषारी धुराची खूण कंदिलाने कळत नाही. म्हणून अशा विहिरीत कोणी उतरूच नये.

शेततळे व चिरेखाण

कर्नाटकात २०१४ पासून कृषी भाग्य योजनेतून पुष्कळ शेततळी झाली. पिकाला त्यांचा आधार झाला, पण प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे विहिरीपेक्षाही फसवे असते. उतार सौम्य दिसतो. ओल्या प्लास्टिकवर मात्र पाय ठरत नाही, आणि पोहता येणारालाही वर चढता येत नाही. अशा तळ्यात पोहणे नकोच. भोवती तारेचे कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा आणि चारही बाजूंना गाठीचे दोर किंवा एकमेकांना बांधलेले जुने टायर तळापर्यंत सोडून ठेवा. मूल, वासरू किंवा तुम्ही स्वतः घसरलात तर तोच आधार आहे.

गोव्यात चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी पावसाने भरतात. त्यांच्या भिंती सरळ उभ्या असतात आणि दोन पावलांवर पाणी एकदम खोल होते. पावसाळ्यात धबधबे, नद्या व अशा खाणींत उतरण्यास तेथील जिल्हाधिकारी बंदी घालतात, ती पाळावी. धबधब्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस पडून पाणी अचानक वाढते.

पोहणे शिकवावे कसे

मूल सहा-सात वर्षांचे झाले की मुलगा असो की मुलगी, त्याला पोहणे शिकवावे. आपल्याकडे वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा पत्र्याचा बंद डबा पाठीला बांधून शिकविण्याची जुनी रीत आहे. ती चांगली आहे, मात्र बांधण्यात चूक होते. डबा कमरेला बांधला की कंबर वर येते आणि तोंड पाण्यात जाते. तो पाठीच्या वरच्या भागावर, काखेखालून दोर घेऊन बांधावा. शिकविणाऱ्याने हाताच्या अंतरावर राहावे, काठावर बसून सूचना देऊ नयेत.

शिकविण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम कमरेइतक्या पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे काढणे. मग उताणे पडून तरंगणे. छाती हवेने भरलेली असली की शरीर आपोआप तरंगते, हे मुलाला एकदा पटले की भीती जाते. त्यानंतर हात-पाय मारणे आणि शेवटी उभ्याने पोहत एका जागी टिकणे. न थांबता पंचवीस मीटर पोहता येणे व मिनिटभर तरंगता येणे, एवढे झाल्याशिवाय भोपळा सोडवू नये. आकडी येणाऱ्या माणसाने एकट्याने कधीच पाण्यात उतरू नये.

वाचविणाराही बुडतो

एक मूल घसरते, त्याला धरायला भाऊ उडी घेतो, भावाला धरायला शेजारी, आणि एका घरावर दोन-तीन शवपेट्यांची वेळ येते. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बुडणारा माणूस जीवाच्या आकांताने जे हाती लागेल त्याला मिठी मारतो, म्हणून चांगल्या पोहणाऱ्यानेही एकदम उडी घेऊ नये.

प्रथम ओरडून माणसे गोळा करा. काठावर पालथे पडून काठी किंवा बांबू पुढे करा. काठी नसेल तर लुगडे किंवा लुंगी पिळून टाका. पाच-दहा लिटरचा, घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन दोराला बांधून फेका. त्याच्या आधाराने मोठ्या माणसाचेही तोंड पाण्यावर राहते. असा कॅन आणि दोर प्रत्येक विहिरीवर कायम टांगलेला असावा, आणि तो दुसऱ्या कामाला कोणी नेऊ नये.

बाहेर काढल्यावर

बुडालेल्याला उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन धावणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे, हे सारे उपाय चुकीचे आहेत. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न-पाणी वर येऊन फुप्फुसात शिरते. त्याला हवे असते ते हवा.

सपाट जमिनीवर उताणे निजवा. हाक मारा, छाती हालते का ते दहा सेकंदांत पाहा. श्वास नसेल तर डोके थोडे मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडावर तोंड घट्ट लावून पाच वेळा फुंका. छाती वर येताना दिसली पाहिजे. नंतर छातीच्या मधोमध तळहात ठेवून तीस वेळा जोराने दाबा. मोठ्या माणसाची छाती दोन इंच दबली पाहिजे, मुलाची जाडीच्या एक तृतीयांश. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस असावा. मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्याने लगेच १०८ वर फोन करावा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा आणि ओले कपडे काढून गोधडीत गुंडाळा. शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी इस्पितळात न्याच, कारण काही तासांनंतरही श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो.

ही रीत वाचून पुरती येत नाही, हाताने करून पाहावी लागते. चर्चच्या सभागृहात मिस्सानंतर एखाद्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलावून तरुणांना व आयांना ती शिकविता येईल.

पाण्याची शुद्धता

गुरे धुतात त्या डोहात पोहू नये. उंदीर व गुरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू पावसाळ्यात पाण्यात व चिखलात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. पाण्यात उतरल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल होणे, कावीळ ह्यांपैकी काही दिसले तर डॉक्टरकडे जाऊन आपण कोणत्या पाण्यात उतरलो होतो ते आवर्जून सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो, अंगावर काढला तर मूत्रपिंडे निकामी होतात.

पिण्याच्या विहिरीत शक्यतो उड्या मारू नयेत. मारल्याच तर नंतर ब्लीचिंग पावडर टाकावी, दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. हिशेब सोपा आहे. विहिरीची रुंदी तीन मीटर व पाणी चार मीटर असेल तर तीन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे छत्तीस, त्याला ०.७८५ ने गुणले की सुमारे अठ्ठावीस घनमीटर, म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर. त्यास सत्तर ग्रॅम पावडर लागेल. ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी बादलीसह विहिरीत खालवर हालवून मिसळावे. त्यानंतर निदान तासभर पाणी भरू नये; रात्री टाकून सकाळी भरणे सर्वांत चांगले.

सणाच्या दिवशी

प्रत्येक वाड्याने आधी एकच विहीर ठरवावी. चांगले पोहणारे दोघे निवडावेत. त्यांनी त्या दिवशी थेंबही घेऊ नये, गाण्यात सामील होऊ नये, फक्त पाण्याकडे पाहावे. दर तासाला त्यांच्या जागी दुसरे दोघे बसवावेत. ज्याने दारू घेतली त्याने उडी घेऊ नये, मग तो नवा जावई असला तरी. सासूने ओंजळभर पाणी त्याच्या डोक्यावर घातले म्हणजे मान पुरा झाला असे समजावे. ज्याला पोहता येत नाही त्याने पायरीवर बसून अंगावर पाणी घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

वाचकहो, ह्या आठवड्यात एवढे करा. आपल्या विहिरीची खोली मोजा, एक दोर व एक रिकामा कॅन तेथे टांगा, आणि घरातल्या कोणत्या मुलाला पोहता येते व कोणाला येत नाही ते एकदा विचारून घ्या.