भोळा, भाबडा आणि भाविक

खेडुतांविषयीं बोलणें निघालें कीं "भोळे, भाबडे, भाविक लोक" ही विशेषणांची माळ आमचे सुशिक्षित बंधु सहज त्यांच्या गळ्यांत घालतात. जणूं काय हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे! आमच्या मतें ते तसे नाहींत. आणि त्यांची गल्लत केल्यानें निष्पाप माणसांचें नुकसान होतें.

भाविक म्हणजे ज्याच्या ठायीं भाव आहे तो. भोळा म्हणजे ज्याच्या मनांत कपट नाहीं तो. भंडाऱ्याकडील झाडीबोलींत 'ळ'चा 'र' होऊन तो 'भोरा' होतो. त्याची निष्कपटता मात्र तीच राहते. प्रत्यक्ष शंकरास लोक भोळा म्हणतात. तेव्हां महाशिवरात्रीस गायमुखाच्या यात्रेस जाणाऱ्या शेतकऱ्यास ह्या विशेषणांत कमीपणा तो कोणता? भाबडा मात्र निराळा. कोणीं कांहींही सांगावें आणि ह्यानें तें न तपासतां खरें मानावें, असा तो. पहिले दोन हृदयाचे गुण होत. तिसरी बुद्धीची उणीव होय, आणि ती शिक्षणानें भरून येण्याजोगी आहे.

ह्या शब्दच्छलाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधींत एखाद्यास साप चावतो. घरचीं माणसें त्यास रुग्णालयांत नेऊं लागतात, तों मांत्रिक आडवा येतो, आणि मोलाचा वेळ मंत्रांत जातो. मागाहून आम्ही म्हणतों, "लोकच भोळे, त्याला कोण काय करणार?" ह्या एका वाक्यानें अपराध मांत्रिकाच्या माथ्यावरून उतरून मयताच्या आप्तांच्या माथीं बसतो!

कायदा आमच्याहून अधिक विवेकी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनीं ज्यासाठीं वर्षानुवर्षें झीज सोसली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाल्यावरच जो अमलांत आला, त्या जादूटोणाविरोधी कायद्यानें साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणें हा गुन्हा ठरविला. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, व ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. परंतु त्याच कायद्यानें भजन, कीर्तन, यात्रा, प्रदक्षिणा ह्यांस हात लाविलेला नाहीं. भाविकास अभय आणि भाबडेपणावर जगणाऱ्यास शासन, असा हा न्याय आहे.

वैनगंगेकाठच्या आंभोऱ्यास मुकुंदराजांनीं आपला ग्रंथ रचला, असें परंपरा सांगते; दुसरें मत अंबाजोगाईचें आहे. स्थळ कोणतेंही असो, त्या भक्तानें ग्रंथाला नांव दिलें तें 'विवेकसिंधु'! भाव आणि विवेक एकत्र नांदूं शकतात, ह्यास आणखी पुरावा कशाला? म्हणून आमच्या सुशिक्षित बंधूंस इतकेंच सांगणें आहे कीं, खेडुतास भोळा म्हणून मोकळें होऊं नका. सर्पदंशावर प्रतिविष कोणत्या रुग्णालयांत मिळतें, हें रोवणीपूर्वीं त्याच्या दारीं जाऊन सांगा. त्याचा भाव त्याच्याजवळ राहूं द्या. भाबडेपणा घालविण्याचें काम आपलें आहे.